रानातून आणलेल्या हॉर्नबीमची सात वर्षे

सात वर्षांपूर्वी जमीनमालकाची परवानगी घेऊन मी बोन्साय घडवण्यासाठी एका उतारावरून हॉर्नबीम या पानझडी वृक्षाचे झाड खणून आणले, तेव्हा त्याची उंची माझ्या डोक्यावरून जात होती. आज ते जेमतेम 45 सेंटिमीटर आहे. रानातून आणलेल्या अशा झाडाला जपानीत यामादोरी म्हणतात. पानझडी यामादोरीकडून आपल्याला आयते मिळते ते म्हणजे जुना, पन्हळी पडलेला बुंधा आणि त्याच्या बुडाशी पसरलेली मुळे. फांद्या जवळजवळ सगळ्याच आपल्याला नव्याने वाढवाव्या लागतात, आणि हे मनाशी पक्के झाले की करवत चालवताना हात फारसा थरथरत नाही.

पाइनसारखे सूचिपर्णी झाड हिरव्या पानांच्या खाली छाटले, तर उरलेला भाग बहुधा मरतो. हॉर्नबीम मात्र जुन्या लाकडातूनही नवे कोंब काढतो, म्हणून मी तो खणायच्या वेळीच गुडघ्याच्या उंचीवर कापला. (बीच हा दुसरा पानझडी वृक्ष याबाबतीत बराच कंजूष आहे, त्याच्यावर असा भरवसा टाकू नये.) खणण्याची वेळ कळ्या फुगलेल्या, पण पाने उलगडलेली नाहीत अशी साधली, कारण तेव्हा अन्नाचा साठा बुंध्यात आणि मुळांत असतो. सोटमूळ आणि जाड मुळे आखूड केली, बुंध्याजवळची तंतुमुळे मात्र जमतील तेवढी राखली, आणि झाड प्युमिस (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचे खडे) भरलेल्या, निचरा चांगला असलेल्या लाकडी खोक्यात लावले.

पहिल्या वर्षाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण माझे आधीचे एक झाड याच काळात गेले. त्याला वसंतात भरघोस पालवी फुटली आणि मी निर्धास्त झालो. पण ती पालवी साठवलेल्या अन्नावर आली होती, खाली नवी मुळे धरलेलीच नव्हती. उन्हाळा तापला आणि आठवड्याभरात सगळी पाने करपली. खोक्यातून काढल्यावर कारण दिसले: झाड मी घट्ट बांधलेले नव्हते, त्यामुळे वाऱ्याने बुंधा हलत राहिला आणि मुळांची कोवळी टोके फुटतील तशी तुटत गेली. हॉर्नबीमला म्हणूनच खोक्याच्या तळातून तारा घेऊन असे आवळले, की बुंधा धरून उचलला तर खोकेही उचलले जावे. वारा अडेल अशा जागी, अर्धवट सावलीत त्याला ठेवले. पहिल्या पालवीला खत दिले नाही. नंतर दुसरी वाढ जोमाने निघाली, तेव्हा कुठे सुरुवात केली.

पुढची दोन वर्षे मी एकही कोंब कापला नाही. ज्या अस्ताव्यस्त वाढीकडे पाहून हात शिवशिवतात, तीच मुळे धरवते आणि जखमा भरून आणते. एकाच हंगामात मुळांनाही हात लावायचा आणि वरही मोठी छाटणी करायची, हा मोह मला तरी महागात पडलेला आहे.

चौथ्या वर्षी शेंड्याचे काम घेतले. पहिला काप आडवा होता आणि त्याच्याखालचे लाकूड कुठपर्यंत वाळले ते आता स्पष्ट दिसत होते. त्या रेषेला धरून, निवडलेल्या कोंबाच्या मागून तिरका काप घेतला आणि कडांना जखमेचा लेप लावला. तो कोंब मोकळा सोडला, पुरेसा जाड झाल्यावर आखूड केला, आणि त्याच्या वरच्या डोळ्यातून पुन्हा तेच केले. बुंधा वर निमुळता होत जातो तो असा. फांद्याही याच रीतीने घडवतो. दक्षिण चीनमधल्या लिंगनान या बोन्साय परंपरेची ओळख असलेली ‘वाढू द्या आणि कापा’ पद्धत ती हीच. फांदीला जो वळसा कापून मिळतो, तो फांदीवर तार गुंडाळून, वाकवून मिळणाऱ्या वळशापेक्षा मला अधिक खरा वाटतो. तार मी फक्त कोवळ्या कोंबांना दिशा देण्यापुरती वापरतो, कारण हॉर्नबीमचे लाकूड लवकर ताठर होते, आणि वाढीच्या दिवसांत तार सालीत केव्हा रुतते ते कळतही नाही.

गेली दोन वर्षे बोन्साय कलाकार वॉल्टर पॉल यांनी प्रचारात आणलेली कुंपणछाटणी करतो आहे: वसंतातली वाढ पूर्ण होऊन पाने पक्व झाली, की एकेक टोक निवडत न बसता सगळे झाड बाह्यरेषेवर कापायचे. मागचे डोळे फुटतात आणि बारीक फाटे दाट होतात. चुकीच्या जागचे फाटे पानगळीनंतर, सगळा सांगाडा उघडा पडल्यावर काढतो.

मागच्या बाजूचा जुना काप अजून अर्धाच भरला आहे. पानझडी झाडाचे मेलेले लाकूड उघडे राहिले की कुजते, त्यामुळे तिथे पाणी साचणार नाही अशी लहानशी ढोली कोरून ठेवली आहे. येत्या वसंतात मुळे पुन्हा तपासून झाड पहिल्यांदाच उथळ कुंडीत लावीन, आणि त्या वर्षी कुंपणछाटणीला सुट्टी देईन.