आमची वाटचाल: सुईपासून स्पीकरपर्यंत

आमच्या कामाची सुरुवात फक्त फोनो प्रीअ‍ॅम्पने झाली, म्हणजे रेकॉर्डच्या सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवून त्याचा तोल पूर्ववत करणाऱ्या पेटीने. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचेची वळणं इतकी पसरतील की एका बाजूवर फारच थोडं संगीत मावेल. वरचे स्वर चढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की पृष्ठभागाची खरखरही खाली जाते. १९५४ मध्ये ठरलेल्या आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) मानकात ही चढ-उताराची वक्ररेषा ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद या तीन कालस्थिरांकांत, म्हणजे ती कुठे वळते ते ठरवणाऱ्या आकड्यांत, बांधली आहे. वाजवताना, १ किलोहर्ट्झच्या तुलनेत, २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल चढवावे लागतात आणि २० किलोहर्ट्झला जवळपास २० डेसिबल उतरवावे लागतात. ही वक्ररेषा कपॅसिटरवर अवलंबून असते, म्हणून आम्ही डाव्या-उजव्या बाजूचे कपॅसिटर मोजून, जोड्या लावूनच बसवतो.

ऑर्डर घेताना आम्ही कार्ट्रिज (सुईच्या हालचालीतून सिग्नल तयार करणारा भाग) कोणतं आणि केबल किती लांब, हे आधी विचारतो. मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजची कॉइल अर्धा हेन्रीची आणि केबलसकट कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड धरला, तर रेझोनन्स, म्हणजे ज्या कंपनसंख्येला प्रतिसाद आपोआप वाढतो ती, १६ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. केबल लांबली की तो आणखी खाली, ऐकू येणाऱ्या भागात सरकतो. मग वक्ररेषा कितीही अचूक असली तरी सूर बदललेलाच ऐकू येतो.

स्पीकरकडे आम्हाला ग्राहकांनी ओढलं. संगीत थांबलं तरी वूफर (खर्जाचा स्पीकर) हलतो, ही तक्रार वारंवार यायची. रेकॉर्ड किंचित वाकडी असेल तर ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला तिचा हेलकावा सेकंदाला अर्ध्याहून थोडा जास्त वेळा येतो. त्यावरची बारीक लाट टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) ८ ते १२ हर्ट्झच्या रेझोनन्सला जागं करते, आणि इक्वलायझेशन (वर सांगितलेला चढ-उतार) नेमका हाच भाग चढवतं. पोर्ट (हवेसाठी भोक) असलेल्या स्पीकरच्या खोक्यात, ते ज्या कंपनसंख्येला ट्यून केलेलं असतं तिच्या खाली, कोनवर (वूफरच्या पडद्यावर) हवेचा दाब उरत नाही, म्हणून तो मोकाट हलतो. त्यावर आम्ही २० हर्ट्झच्या खाली तीव्र उताराचा फिल्टर दिला. शिवाय हा हेलकावा उभा असतो, त्यामुळे दोन्ही चॅनेलमध्ये तो उलट फेजमध्ये, म्हणजे एकात वर तेव्हा दुसऱ्यात खाली, येतो. खालचा खर्ज मोनो केला, म्हणजे दोन्ही चॅनेलचा एकत्र केला, की त्यातला बराचसा आपोआप कटतो.

तिथून प्रीअ‍ॅम्प आणि अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर (खर्ज वूफरकडे आणि वरचे स्वर ट्वीटरकडे, म्हणजे छोट्या स्पीकरकडे, वाटणारं सर्किट) एकाच पेटीत आले. आम्ही लिंकविट्झ-रायली पद्धत घेतली: प्रति ऑक्टेव्ह २४ डेसिबलचा उतार. क्रॉसओव्हरच्या बिंदूवर वूफर आणि ट्वीटर दोघेही ६ डेसिबल खाली, पण एकाच फेजमध्ये असतात, म्हणून बेरीज सपाट येते. माझ्या मते रेकॉर्ड ऐकणाऱ्याला या सपाटपणाची गरज सर्वांत जास्त आहे. ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबलचा उंचवटा राहिला तर ओरखड्यांची टिकटिक पुढे येते, आणि चांगल्या रेकॉर्डला माणसं खराब ठरवतात.

सध्या काम चालू आहे ते आरआयएएपूर्वीच्या रेकॉर्डसाठी. तेव्हा कंपन्यांच्या वक्ररेषा वेगवेगळ्या होत्या, म्हणून खर्ज आणि वरचे स्वर स्वतंत्रपणे बदलता येतील असे दोन स्विच नव्या पेटीत बसवत आहोत.