शेवटची रांग

"मागं बसलं की रस्ताच दिसत नाही रे," यवतेश्वरचा घाट चढून गाडी थांबवली, तेव्हा आई म्हणाली.

सातजण होतो, तरी टर्बोनं, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यानं, चढ सहज ओढला. इंजिनाचे फेरे मिनिटाला २००० च्या पुढं गेले की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी येणारी ती ओढ मला फार आवडते. वर पोचल्यावर इंजिन मिनिटभर चालूच ठेवलं. तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहावं म्हणून.

तेवढ्यात आरशात आई दिसली. गुडघे छातीशी, वरचं हँडल घट्ट धरलेलं, पदर तोंडाला. मधल्या खिडक्या पोरांनी पटकावलेल्या.

टर्बोची काळजी घेणाऱ्या मीच तिला तिथं बसवलं होतं.

कासहून परतताना तिला पुढं बसवली. घाटातून सातारा दिसायला लागला तशी म्हणाली, "तो बघ अजिंक्यतारा!"

तुमच्या गाडीत शेवटच्या रांगेत कोण बसतं?