विहीणबाईंचा मूळपुरुष

लेक शेफिल्डला, जावई मूळचा अमेरिकन. म्हणून यंदा लंडन दीड दिवसात उरकलं आणि चार दिवस मी मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या विहीणबाईंचा मूळपुरुष शोधत हिंडले. १६३०च्या दशकात तिकडे गेलेलं घराणं. कुलवृत्तान्ताचं वेड फक्त कोकणस्थांनाच असतं, हा माझा गैरसमज तिथेच फिटला.

आधी डॉन्कास्टरजवळचं ऑस्टरफील्ड पाहिलं. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून गेलेल्या आणि पुढे अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डचं गाव. बुटकं चर्च, दारावर दगडात कोरलेला ड्रॅगन, आणि आत मे महिन्यातही शाल लागेल असा गारठा.

विहीणबाईंचं गाव पलीकडचं, तिथल्या नोंदी दप्तरखान्यात. पर्स बाहेर ठेवा, पेन चालणार नाही, फक्त पेन्सिल. आधी नाव नोंदवलं नव्हतं म्हणून पहिल्या दिवशी परत पाठवलं ते वेगळंच! १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं, की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायची. ते सारं आता फिल्मवर. पण अक्षर? मी हौसेने मोडी शिकलेली, तरी घाम फुटला. त्यांचा ‘एच’ ओळीखाली शेपटी सोडतो, ‘ई’ उलटा बसतो.

वंशावळीत मूळपुरुषाचा बाप्तिस्मा लिहिला होता, फेब्रुवारी १६०२. त्या सालात तो मुलगा कुठेच नाही. दोन तास गेले. बाई रडकुंडीला आल्या. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, पानावर मार्च संपता संपता नवं साल सुरू होतंय. अहो, हा तर पाडवा! पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. १ जानेवारी आली थेट १७५२पासून. म्हणूनच १९ मार्चला बाप्तिस्मा झालेल्या ब्रॅडफर्डचं साल पुस्तकांत १५८९/९० असं जोडीने छापतात. मोडी कागदांत इसवी सन काढताना माघ-फाल्गुनाच्या शकात ७९ऐवजी ७८ मिळवून फसणाऱ्या मला हे आधीच सुचायला हवं होतं.

“१६०१ बघा,” मी म्हटलं. सापडला! बापाचं नाव होतं, आईचं नव्हतं. “नऊ महिने काय बापाने वाढवला?” मी पुटपुटले. जवळच्या टेबलावरच्या आजोबांनी डोळे वटारले.

बाईंनी मला मिठीच मारली. मग फिल्म थोडी पुढे सरकली. लगेचच्या मार्चमध्ये, त्याच बापाच्या, त्याच नावाच्या मुलाचं दफन.

म्हणजे मॅसॅच्युसेट्सला गेला तो हा नव्हेच. बाईंनी वंशावळीतलं साल पेन्सिलीने खोडलं. मग पुन्हा त्या दफनाच्या ओळीशी आल्या आणि तीही उतरवून घेतली, कुठल्याच फांदीला न जोडता, कागदाच्या कडेला.

बाहेर आल्यावर चहा त्यांनीच पाजला. पाणचट होता.