क्विंटलला नऊ किलो कमी

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. एकोणीस वर्षं झाली. रोज निदान चार गिऱ्हाईकं विचारतात, "भाऊ, सगळ्यात भारी औषध कोणतं?" माझंही उत्तर ठरलेलं. कशावर मारायचं आहे? तुडतुडे आहेत की बोंडअळी? पंप पाठीवरचा की पेट्रोलचा? मग माणूस वैतागतो. म्हणतो, तुम्ही फक्त भारीतलं द्या.

मागच्या मार्चमध्ये मी स्वतःच मोबाईलवर तेच विचारत बसलो होतो. चरबी कमी करायला सगळ्यात भारी कार्डिओ, म्हणजे दम लावणारा व्यायाम, कोणता?

निमित्त काट्याचं. दिवाळीनंतर आमची थोडी खेडा खरेदी असते, म्हणजे गावातच शेतकऱ्यांकडून कापूस घेणं, त्यासाठी दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. एका रिकाम्या दुपारी मी त्यावर उभा राहिलो. दुकानातल्या पोराने आकडा वाचला, ९१. "क्विंटलले नऊच किलो कमी हायेत भाऊ," तो म्हणाला. हसलो, पण लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी टेपने कंबर मोजली, १०४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या वर धोका, असं म्हणाले. आठवड्याला किमान १५० मिनिटं घाम निघेल असं काहीतरी करा, एवढाच सल्ला. काय करा, ते माझ्यावर सोडलं.

आधी पळून पाहिलं. आमच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरचा सराव करतात, त्यांच्या मागे लागलो. खेड्यात सेहेचाळीस वर्षांचा दुकानदार पळताना दिसला की लोकांना काय वाटतं? एक काकाजी डबा टाकून धावत आले. "काहून पळून रायला? घरी कोनाले काही झालं काय?" दोन कुत्री रोज शाळेपर्यंत सोबत. ती पोरं शंभर मीटर जीव तोडून पळायची, मग चालायची, परत पळायची. यालाच मोबाईलवाले एचआयआयटी म्हणतात. वेळ कमी लागतो हे खरं, पण चरबी उतरायच्या बाबतीत तो प्रकार आणि एका लयीतला साधा व्यायाम जवळपास सारखेच निघतात, असं नंतर वाचलं. पळताना प्रत्येक पावलाला टेकलेल्या पायावर वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. म्हणजे माझ्या एका पायावर दोन क्विंटल! नवव्या दिवशी डावा गुडघा सुजला.

मग दोरीवरच्या उड्या. गच्चीवर चाळीस झाल्या असतील, खालून माय ओरडली, "अरे बाप्पा, स्लॅब पाडतं काय?" ते तिथंच संपलं.

तालुक्याच्या जिममध्येही महिनाभर गेलो. अठरा किलोमीटर फटफटीवर बसून जायचं, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर जागच्या जागी चालायचं, परत अठरा किलोमीटर बसून यायचं. त्यात लाईट गेली की पट्टा बंद. एकदा तर मी त्या बंद पट्ट्यावर उभा राहून अर्धा तास लाईटची वाट पाहिली. तिथला एक जण अंगात जॅकेट घालून पळायचा, घामाने चरबी वितळते म्हणायचा. त्याच्याशी मी वाद घातला नाही, पण कापूस घेणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ८ टक्क्यांच्या वर ओलावा असला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, भाव कापते, १२ च्या वर घेतच नाही. ओलाव्याचं वजन म्हणजे कापूस नव्हे. मी स्वतः एप्रिलच्या उन्हात दीड किलो उतरवून पाहिलं. रांजणातलं पाणी प्यायलो, संध्याकाळपर्यंत काटा जिथल्या तिथे. आपली १० किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते, उरलेल्याचं पाणी होतं. हे वाचल्यावर मी दोन दिवस उगीचच मोठमोठे श्वास सोडत होतो.

शेवटी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. माझ्या वजनाच्या माणसाला तासाभराच्या पळण्यात साडेसातशेच्या आसपास कॅलरी लागतात, दोरीला हजारावर, सायकलला पाचशे-सहाशे, भरभर चालायला तीनशे. कागदावर दोरी पहिली. पण मी पळालो नऊ दिवस, रोज वीस मिनिटं, म्हणजे सगळे मिळून सव्वादोन हजार. पुढचे पंधरा दिवस गुडघ्याला शेक. रोज तासभर चाललो असतो तर महिन्याला नऊ हजार. त्यातले तासाला नव्वदेक तर गल्ल्यावर बसूनही जळतातच, ते वजा करा. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी. म्हणजे महिनाभर रोज चालून पाऊण किलो, त्याहून थोडी जास्त. बस्स? मला रडू यायचं बाकी होतं.

मग त्याच पानावर चहा लिहिला. कंपनीचा माणूस आला, चहा. उधारी द्यायला कोणी आलं, चहा. मागायला आलं तरी चहाच. दिवसाला आठ कप, कपाला दोन चमचे साखर, एका चमच्याला वीस कॅलरी. ३२०! माझा अख्खा तास चहावालाच नेत होता. आता तीन कप पितो, अर्धा चमचा साखर. सवयीने अजून तोंड कडू होतं.

सध्याचं असं आहे. पहाटे पाचला बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळाकडेने चालतो. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगाने. आठवड्यातून तीनदा बाबांची काळी बावीस इंची सायकल काढून वावरात जाऊन येतो, साडेसहा किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. सायकलवर गुडघा कुरकुरत नाही आणि वावरात जाणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. रस्त्यात कोणी भेटलंच तर पाणी आलं का, फवारा मारला का, एवढंच. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला तेव्हा सहाच्या आत घरी येत होतो, त्यानंतर व्यायाम नाहीच.

दिवाळीच्या पाडव्याला काट्यावर ८३ भरलं, कंबर ९५. अजून पाच सेंटीमीटर बाकी. पोट सगळ्यात शेवटी जाणार दिसतं. चेहरा मात्र आधीच उतरला, बायकोच्या माहेरी मला शुगर झाल्याची बातमी पसरली होती. नुसतं पोट कमी करणारा व्यायाम विचारणाऱ्यांना सांगतो, तसा नसतो. शरीर चरबी कुठून काढायची ते आपल्याला विचारत नाही.

पावसाळ्यात पांदणीतली काळी माती मडगार्डमध्ये अशी दाटली की चाक फिरेना. सायकल खांद्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने घरी आलो. त्याच्या कॅलरी कोणत्या रकान्यात लिहायच्या ते ठरलं नाही. मडगार्ड काढून ठेवलं आहे, तेव्हापासून पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊनच दुकान उघडतो.