दहाची पाच मिनिटं

फोन दुपारी पावणेतीनला आला. सर्व्हिसचा एक तंत्रज्ञ होता. "मॅडम, या ड्राइव्हला कव्हर काढायच्या आधी 10 मिनिटं थांबायचं असतं ना? आज टॅबवर 5 दाखवतंय. 5 मिनिटांनी कव्हर काढलं, मीटर लावला, तर अजून 170 व्होल्ट आहेत."

तो बदल मीच सकाळी केला होता.

मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हमध्ये मोठे कॅपॅसिटर असतात. तीन फेजच्या 400 व्होल्ट पुरवठ्यावर त्यांच्यात साधारण 550 व्होल्ट डीसी साठलेलं असतं आणि पुरवठा तोडला तरी ते लगेच उतरत नाही, रेझिस्टरमधून हळूहळू उतरतं. म्हणून मॅन्युअलमध्ये इशारा असतो: पुरवठा बंद करा, अमुक मिनिटं थांबा, मीटरने तपासा, मगच हात लावा. त्या माणसाने तपासलं म्हणून सगळं निभावलं.

मी तांत्रिक लेखन करते. आम्ही दिवसभर लिहीत बसतो असं लोकांना वाटतं. खरं तर एकदा लिहिलेलं पुन्हा लिहावं लागू नये, याची व्यवस्था लावण्यातच आमचा निम्मा वेळ जातो. हा इशारा 14 मॉडेलांच्या मॅन्युअलमध्ये आहे, पण लिहिलेला एकाच ठिकाणी, एका एक्सएमएल (टॅग लावलेल्या मजकुराच्या) फाइलमध्ये. तिला आम्ही गोदाम म्हणतो. बाकीच्या फाइलींत फक्त कॉनरेफ, म्हणजे 'या गोदामातला अमुक आयडीचा मजकूर इथे आण' एवढाच निरोप. पोर्टल मशीनचा मॉडेल नंबर बघून त्या क्षणी पान जुळवतं आणि तंत्रज्ञाच्या टॅबवर पाठवतं. गोदामात एक आकडा बदला, तासाभरात 14 मॅन्युअल बदलतात. पूर्वी याच कामाला आम्हाला दोन-तीन आठवडे लागायचे आणि एखादं मॅन्युअल सुटायचंच. ही व्यवस्था उभी करायला मी चार वर्षं घातली आहेत आणि मला तिचा अभिमान आहे, आजही.

यामागची कल्पना जुनी आहे. 1969 मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांनी जीएमएल ही मजकुराला टॅग लावायची भाषा केली. तिन्ही अक्षरं त्यांच्या आडनावांची. त्यातून 1986 चं एसजीएमएल, त्यातून 1998 चं एक्सएमएल आणि त्यावर उभं असलेलं, 2005 मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं डिटा, म्हणजे तांत्रिक मजकूर लिहायची चौकट. आम्ही डिटात लिहितो. मजकूर कसा दिसेल ते सांगायचं नाही, तो काय आहे ते सांगायचं, हे सगळ्याचं मूळ. आमच्या इशाऱ्यात धोका कशाचा, दुर्लक्ष केलं तर काय होईल आणि टाळायचा कसा, या तिन्हींना वेगवेगळे टॅग आहेत. इतकं नीटनेटकं. आणि तरी तो इशारा कोणत्या मशीनबद्दल खरा आहे, हे आम्ही कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सकाळी डिझाइनकडून बदलाची नोटीस आली होती: नवा बोर्ड, डिस्चार्ज लवकर होतो, थांबण्याची वेळ 5 मिनिटं. नोटिशीत बोर्डाचा पार्ट नंबर होता, मॉडेलांची नावं नव्हती. मी इंजिनीअरला मेसेज केला, "सगळ्यांना लागू?" उत्तर आलं, "हो, सगळ्यांना." त्याच्या मनात हा बोर्ड असलेली सगळी मॉडेलं होती. माझ्या मनात हा इशारा असलेली सगळी. कुठल्या मॉडेलात कुठला बोर्ड बसतो ती यादी आम्हा लेखकांना उघडता येत नाही. मी तीनदा मागितली आहे आणि "तुम्हाला कशाला लागते?" हा प्रश्न तीनदा ऐकला आहे.

तीन मोठ्या मॉडेलांत जुनाच बोर्ड होता, कॅपॅसिटरही मोठे. त्यांना 10 मिनिटंच हवी होती. निम्मा वेळ थांबलं की निम्मा धोका गेला, असं कॅपॅसिटरचं नसतं. 10 मिनिटांनी 50 व्होल्टच्या खाली येणारं व्होल्टेज 5 मिनिटांनी 170 च्या आसपास असतं. मीटरवर तेच दिसत होतं.

आकडा मागे घेऊन पोर्टल पुन्हा चालवायला 40 मिनिटं लागली. खरी दमछाक पुढे झाली. टॅबवर पान एकदा उतरलं की नेट नसतानाही दिसतं, आणि जुनं झालेलं पान परत बोलवायची सोय आमच्याकडे नाही. मग लॉग काढून ते पान कोणी उघडलं ते पाहिलं आणि संध्याकाळी सातपर्यंत एकेकाला फोन करत बसले.

दुसऱ्या दिवशी पक्का उपाय करायला घेतला. वाक्य गोदामातच, पण वेळ किल्लीवर, म्हणजे आकड्याच्या जागी फक्त एक नाव: प्रत्येक मॉडेलच्या मॅपमध्ये, म्हणजे त्याच्या मॅन्युअलच्या फाइलींच्या यादीत, त्या नावाला त्याचा स्वतःचा आकडा. डिटाच्या 2010 च्या आवृत्तीपासून ही सोय आहे. पहिल्याच चाचणीत मोठ्या मॉडेलला पुन्हा 5! एकाच नावाची किल्ली दोनदा भेटली तर आधी भेटलेली लागू होते आणि दुसरी गुपचूप सोडून दिली जाते. आमच्या मुख्य मॅपमध्ये सामाईक किल्ल्यांची ओळ वर होती, मॉडेलच्या किल्ल्यांची खाली. बिल्ड (फाइलींतून मॅन्युअल तयार करणं) यशस्वी, लाल ओळ एकही नाही, आणि आकडा चुकीचा. शेवटी सामाईक किल्लीच काढून टाकली. आता ज्या मॉडेलने वेळ सांगितली नसेल, त्याचं बिल्ड अडकतं. अडकूदे. भाषांतराचा घोळ निराळाच: पोलिशमध्ये 3 मिनिटांना एक रूप आणि 5 मिनिटांना दुसरं, त्यामुळे वाक्याच्या पोटात आकडा बदलता ठेवता येईना. म्हणून 'थांबण्याची वेळ: 10 मि.' अशी वेगळी ओळ केली.

पण हे लिहायला बसले ते या दुरुस्तीसाठी नाही.

तीन मोठ्या मॉडेलांपैकी एकाच्या मॅन्युअलमध्ये त्या दिवशीही 10 मिनिटंच दिसत होती. ते मॅन्युअल आमच्या टीममधल्या एका मुलाचं. त्याने इशारा गोदामाशी जोडलेलाच नव्हता, मजकूर उचलून तिथे चिकटवला होता. आमच्याकडे पुनर्वापराचा टक्का भिंतीवरच्या स्क्रीनवर झळकतो, वरच्यांना तो फार आवडतो, आणि अशा चिकटवलेल्या परिच्छेदांनी तो खाली येतो. मी त्याची फाइल रिव्ह्यूमध्ये दोनदा परत पाठवली होती.

त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, त्या मशीनचे कॅपॅसिटर मोठे आहेत असं असेंब्लीत कोणीतरी म्हणालं होतं. खात्री नव्हती, म्हणून जोडलं नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या रिव्ह्यूत फक्त 'कॉनरेफ करा' एवढंच होतं."

कॉपी-पेस्ट बरोबर होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. उद्या त्याच मॉडेलला नवा बोर्ड आला असता, तर त्याचं एकट्याचं मॅन्युअल मागे राहिलं असतं आणि कोणाला पत्ता लागला नसता. पण मी 14 ठिकाणी तेच शब्द पाहिले आणि जोडून टाकले. ती 14 मशीनं त्या बाबतीत एक आहेत का, हे कोणाला विचारलं नाही. त्याला निदान शंका आली होती.

त्याची फाइल आता किल्लीवर आली आहे. ते करताना चिकटवलेल्या मजकुराच्या वर त्याची एक कॉमेंट सापडली, दोन वर्षांपूर्वीची: 'वेळ या मॉडेलसाठी तपासायची आहे.' कॉमेंट छापून येत नाही, रिव्ह्यूच्या पीडीएफमध्येही दिसत नाही. मी दोन्ही वेळा पीडीएफच वाचली होती.