भीड चेपली ती कामानं

एप्रिल, रविवार. रात्री जेवणानंतर.

दुसऱ्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरून झाला. जर्नलं सर्टिफाय व्हायची राहिलीत, पण एफवाय, म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष, संपल्यात जमा. रूममेट पाटणला घरी गेलीय, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

साताऱ्याला निघताना मामा म्हणाले होते, "बोलायला शिक गं, नाहीतर तिथं तुझा निभाव लागायचा नाही." काळजीपोटीच म्हणाले. पण हेच मी वर्षभर किती जणांकडून ऐकलं! मुखदुर्बळ माणसाला सगळे 'बोल' म्हणतात. कुणाशी, कशाबद्दल, पहिलं वाक्य कुठलं, हे कुणी सांगत नाही.

मी म्हसवडकडची. आमच्या माण तालुक्यात अख्खा पावसाळा पावसाची वाट बघण्यात जातो. इथं जुलैभर कपडे वाळेनात. खोलीत दोरीवर ओल्या ओढण्या, बाहेर ढगात गेलेला अजिंक्यतारा, आणि वर्गात ओळखीचं एक तोंड नाही. हजेरीच्या वेळी माझा नंबर जवळ यायला लागला की घशाला कोरड पडायची. "येस मॅम" पुढच्या बाकापर्यंतही पोचायचं नाही. कधीकधी त्यापायी गैरहजेरी लागायची आणि तास संपल्यावर जाऊन सांगायचा धीर व्हायचा नाही. त्यात ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला घ्यावा लागतो, म्हणजे आठवड्यातून काही तास सगळा वर्गच नवा. डबा कुणाबरोबर खायचा हा प्रश्न मला गणितापेक्षा अवघड गेला. मेसमध्ये आणखी एक भाकरी मागायची लाज वाटायची. ती मात्र मावशींनी ओळखली. न विचारता ताटात टाकायला लागल्या. त्यांचं मला फार आहे.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या 'कमवा व शिका' योजनेत नाव दिलं ते पैशासाठी. घरून येणाऱ्या पैशात मेस आणि झेरॉक्स भागत नव्हतं. मला ग्रंथालयात काम मिळालं. परत आलेली पुस्तकं गाडीवर घ्यायची, पाठीवरचा नंबर बघायचा आणि जागच्या जागी लावायची. ५७० जीवशास्त्र, ५८० वनस्पती, ५९० प्राणी. पहिले काही दिवस मी त्या नंबरांशीच बोलत होते म्हणा. मग एके दुपारी एक मुलगी रॅकच्या टोकाशी घुटमळताना दिसली. पुढं येई, मागं जाई, काउंटरकडं बघे आणि पुन्हा मान खाली घाली. मला ते चांगलंच ओळखीचं होतं. मीच म्हटलं, "कुठलं पाहिजे?" ती म्हणाली, "ताई, बॉटनीचं." ताई! होती माझ्याच वर्षाची. मी तिला खिडकीजवळच्या ५८०च्या रॅकपाशी नेलं आणि कुठल्या लेखकाच्या पुस्तकात आकृत्या चांगल्या आहेत तेही सांगितलं. हे सगळं मी बोलले, हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

हातात काम असलं की मला बोलता येतं. नुसतं 'गप्पा मार' म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. समोर पुस्तक असेल, स्लाइड असेल, निवडायची भाजी असेल, तर शब्द आपोआप येतात, कारण बोलणं मग माझ्याबद्दल नसतं, त्या वस्तूबद्दल असतं. हे मला कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र राबायची. शाळेत हा धडा मी पाठ केला होता. इथं काम करताना त्यातली एक गोष्ट नव्यानं कळली. खेड्यातून आलेली ती पोरं पहिल्या दिवशी एकमेकांशी काय बोलली असतील? पण खोरं हातात आलं की "इकडं सरक", "ते घमेलं दे" एवढं तरी बोलावंच लागतं. ओळख तिथून होते. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या घोषणा चालल्या होत्या, मला ओरडायला जमलं नाही. पण मी शेवटपर्यंत चालले, आणि मनात त्या माउलीचंच नाव होतं.

त्याच महिन्यात बॉटनीची सहल कासला गेली. यवतेश्वरचा घाट चढून वर गेलो तर धुकं आणि भुरभुर. तेरड्याचा गुलाबी गालिचा दिसला तसे सगळे फोटोत रमले. मी मात्र हँड लेन्स घेऊन कातळाशेजारच्या ओलसर मातीत उकिडवी बसले. गवताच्या बुडाशी इवलंसं दवबिंदूचं झाड होतं. पानावर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात चिलट अडकलेलं. त्याचा एक पाय अजून हलत होता. पान त्याच्याकडं वळायला लागलंय का ते बघत मी श्वास रोखून बसले आणि एकदम ओरडले, "सर, इथंय! ड्रॉसेरा इथंय!" सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला. लेन्स या हातातून त्या हातात फिरली. सरांनी विचारलं, हे झाड किडे का खातं? जमीन निकस आहे, नायट्रोजन मिळत नाही, तो किड्यांतून घेतं, असं मी सांगितलं. आवाज कापत होता, पण उत्तर पुरं केलं. परतताना बसमध्ये दोघीजणी माझ्या शेजारी येऊन बसल्या. आता त्याच माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये आहेत, आणि डबाही आम्ही एकत्रच खातो.

म्हणून सगळं सोपं झालंय असं नाही. सेमिनारच्या आदल्या रात्री अजून झोप लागत नाही. स्कॉलरशिपच्या खिडकीपाशी प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेते, पण विचारल्याशिवाय परत येत नाही. आणि मी कमी बोलते यात काही बिघडलंय असं मला आता वाटत नाही.

जूनमध्ये चुलतबहीण इथंच येणार आहे. ती माझ्याहून गप्प. काकू फोनवर म्हणत होत्या, "तिला जरा बोलकी कर बाई." मी तिला तसलं काही सांगणार नाही. आल्या आठवड्यातच 'कमवा व शिका'चा फॉर्म भरायला लावीन. ग्रंथालयात जागा नसली तर बागेत काम घे म्हणेन. मेसच्या मावशींना मात्र मी आधीच सांगून ठेवलंय, की हिला दोन भाकरी पुरत नाहीत.