जाणत्यानं पाना धरायचा नाही

आपल्या शाळेतली प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली विज्ञानाच्या बाईंनी आमच्या रोबो-संघासाठी भांडून मिळवली, किल्ली आमच्या हातात दिली आणि त्यानंतर त्या खोलीत फारशा आल्याच नाहीत. आल्या तरी दारात उभ्या राहून एकच प्रश्न विचारायच्या, "हे असंच का?" उत्तर नसलं की काही न बोलता स्टाफरूमकडे वळायच्या आणि आमची सगळी संध्याकाळ त्या एका 'का'मध्ये जायची. काही संघांकडे पगारी प्रशिक्षक असत, तयार आराखडे असत, मुलांनी फक्त रिमोटची कांडी हलवायची. तेव्हा त्यांचा हेवा वाटायचा. आता वाटत नाही.

आमच्या आधीच्या तुकडीनं फळ्याच्या कोपऱ्यात एक नियम लिहून ठेवला होता, तो कधीच पुसला गेला नाही : जाणत्यानं पाना धरायचा नाही. ज्याला काम येतं त्यानं हात मागे बांधून उभं राहायचं, ज्याला येत नाही त्यानं करायचं. नववीतल्या मुलानं आठवीतल्या मुलीला सोल्डरिंग शिकवायचं, पण तोंडानंच. स्पर्धा जवळ आली की हा नियम छळायचा. चार मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतोय आणि आपण बघत उभे! पण त्यामागचं गणित सरळ होतं. आपली शाळा दहावीपर्यंत. दिवाळी झाली की दहावीवाले घरच्यांच्या धाकानं खोलीकडे फिरकत नसत. दरवर्षी जाणती मुलं जाणार हे ठरलेलंच. त्यांच्या हातातली विद्या तरी मागे राहायला हवी.

मी नववीत असताना, म्हणजे २०१८-१९ च्या हंगामात, 'फर्स्ट टेक चॅलेंज' या शाळकरी संघांच्या रोबो-स्पर्धेचा खेळ होता 'रोव्हर रकस'. १२ बाय १२ फुटांचं मैदान, प्रत्येक बाजूला दोन संघ, अडीच मिनिटांचा सामना. मैदानाच्या मध्यभागी लँडर, म्हणजे खोटं अवकाशयान, आणि सुरुवातीला रोबो त्याला लटकवून ठेवता यायचा. पहिली ३० सेकंदं कुणी रिमोटला हात लावायचा नाही. रोबोनं आपलं आपण खाली उतरायचं, तीन खनिजांतलं सोनेरी ओळखून तेवढंच ढकलायचं, संघाची खूण ठेवायची. (आमची खूण म्हणजे फेटा बांधलेलं लाकडी डोकं. फेटा एकीच्या आजीनं बांधला होता, आणि तो स्पर्धेभर सुटला नाही.) पुढची दोन मिनिटं आम्ही चालवायचं आणि शेवटी रोबोनं पुन्हा लँडरला लटकायचं. त्या लटकण्याचे ५० गुण.

घोडं तिथंच अडलं. मोटर दोरी गुंडाळून रोबोला वर खेचायची, पण वेळ संपली की मोटरची वीज बंद, आणि आमचा रोबो सावकाश जमिनीवर. गुण लटकलेल्याला.

संघातल्या एकाचे मामा उद्यमनगरात लेथवर होते. म्हादबा मेस्त्रींनी ऑइल इंजिन घडवलं त्या कोल्हापुरात लेथवाला शोधत हिंडावं लागत नाही म्हणा. मामांनी आमची दोरी बघितली, काही बोलले नाहीत, बेंच व्हाइसकडे बोट दाखवलं. "दांडा फिरीव." जबडा सरकला. "आता जबडा ढकलून दांडा फिरतोय का बघ." सगळ्यांनी मिळून जोर लावला, दांडा हलला नाही. स्क्रूच्या आट्यांचा चढ कमी असला की घर्षण वरचढ ठरतं. स्क्रू भाराला हलवतो, भार स्क्रूला हलवू शकत नाही. गाडीखालचा स्क्रू जॅक याच जोरावर उभा असतो. पुस्तकात घर्षणाला आम्ही नेहमी शत्रूच्याच रांगेत बसवलं होतं.

दोरी गेली, स्क्रू आला. त्याची खोड एकच, तो भलता सावकाश. सामन्याच्या शेवटची सेकंदं त्याच्यासाठी राखून ठेवावी लागत. मामांनी लेथला हात लावू दिला नाही, पण व्हर्निअर आमच्या हातात देऊन प्रत्येक माप आमच्याकडूनच घेतलं. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "भावा, ते लटकतंय का आधी सांग."

सरावाचं मैदान तालमीच्या हॉलमध्ये मांडलेलं. सकाळी पैलवानांच्या जोर-बैठका, संध्याकाळी आमचा रोबो. त्या बदल्यात गणपतीत मंडळाच्या हलत्या देखाव्याच्या मोटारी आम्ही बसवायच्या. प्रवासखर्च कमी पडला तेव्हा मंडळानंच पाकीट दिलं. मंडळ वर्गणी देतं, ही गोष्ट माझ्या वडिलांना अजून पटलेली नाही.

स्पर्धेत आम्ही मधल्या घोळक्यात राहिलो. नंबराचं सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते संघांच्या टेबलांमधलं. साखळी सामन्यांत जोडीदार दरवेळी बदलतो. आत्ता ज्यांनी आपल्याला हरवलं तेच तासाभरानं आपल्या बाजूला उभे असतात. त्यामुळे शेजारचा रोबो बंद पडलेला कुणालाच परवडत नाही. अमेरिकन संशोधक डीन कामेन यांनी १९८९ मध्ये ही स्पर्धा भरवणारी 'फर्स्ट' ही संस्था काढली. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तिला वळण लावलं ते असं, की समोरच्याशी जीव तोडून खेळायचं आणि त्याचा बोल्ट तुटला तर आपला काढून द्यायचा. मला हे भाषणातलं वाटलं होतं. त्या काळी रोबोचा मेंदू म्हणजे साधा अँड्रॉइड फोन. एक रोबोवर, दुसरा चालवणाऱ्यांकडे. आमच्या रोबोवरच्या फोनचं सॉकेट सैल झालं. दक्षिणेकडच्या एका संघातल्या मुलीनं त्यांचा जादा फोन काढून दिला, आणि पुढच्याच सामन्यात आम्ही तो त्यांच्याविरुद्ध वापरला.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेलो तेव्हा गणेशचतुर्थी तोंडावर आली होती आणि मूर्तींची माती झाली होती. त्यात आम्हाला काही करता येण्यासारखं नव्हतं. पण घराघरांत मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी चिखलानं भरलेल्या पडल्या होत्या. मी दहावीत होतो, संघ नववीवाल्यांच्या ताब्यात गेला होता, आणि त्यांनी एका हॉलमध्ये दुरुस्तीचं टेबल मांडलं. मिक्सर उघडायचा, गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा (हे बघून बायकांचा जीव खालीवर व्हायचा), हॅलोजनखाली पूर्ण वाळवायचा आणि ओळखीच्या वायरमनकाकांनी तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

पोरांनी तिथंही फळ्यावरचा नियम लावला. ज्याचा मिक्सर, त्यानंच स्क्रू काढायचे. पहिल्या दिवशी एका काकूंनी चांगलंच सुनावलं, "मदतीला आलाय का कामाला लावायला?" मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. घरदार वाहून गेलेल्या माणसाला कसले धडे द्यायचे? मी तसं बोललोही, पण जुन्या दादाचं ऐकतो कोण! दोन दिवसांनी त्याच काकू टेबलाच्या आमच्या बाजूला बसून शेजारणीला सांगत होत्या, "कार्बन ब्रश आधी काढ. न्हाई, मी न्हाई काढणार, तू काढ."

पुढं आमची बॅच भूगोलाचा पेपर न देताच दहावी झाली, २०२० ची. निरोप समारंभातले हार वाळायच्या आत टाळेबंदी लागली. खोली बंद पडली, नंतर उघडली, आता तिथं कोण आहे मला माहीत नाही.

संघाच्या नोंदवह्या मात्र माझ्याकडे आहेत. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे त्यात तारखेनिशी सगळं आहे, फसलेली दोरीसुद्धा. शाळेच्या महोत्सवाला येताना त्या तिथल्या ग्रंथालयात जमा करतो. इंग्रजी कच्चं आहे, आकृत्या बऱ्या आहेत. देखाव्याच्या मोटारींचं पान फाटून मंडळाकडे गेलंय. ते गणपतीआधी मागून घ्या, नंतर मिळायचं नाही.